स्प्रिंग तिकडचा, भेंडी इकडची

फेब्रुवारी उजाडला की आपल्या हॉस्टेलमध्ये दोन गोष्टी हमखास सुरू होतात. एक म्हणजे गॅदरिंगची प्रॅक्टिस, आणि दुसरी म्हणजे कुणाला तरी येणारा 'यार, काहीतरी वेगळं करू या' हा झटका! यंदाचा झटका भाजीपाल्याचा आहे. मेसच्या मागे पाण्याच्या टाकीपासून कंपाऊंडपर्यंत जी पडीक पट्टी आहे, तिथे भाजी लावायची असं ठरलं आणि रेक्टर मॅडमनी चक्क 'बघा करून' म्हटलं. तेव्हापासून कॉमन रूममध्ये जी चर्चा चालू आहे ती ऐकून मला हे लिहावंसं वाटलं. कारण त्या चर्चेत भाजी कमी आणि टेन्शन जास्त आहे. व्हायवाच्या आदल्या रात्री असतं ना, अगदी तसलं.

बी उगवलंच नाही तर? मातीचा पीएच किती? एनपीकेचं प्रमाण काय ठेवायचं? थंडीने रोपं मेली तर? एकीने तर कुठलंसं जाडजूड इंग्लिश पुस्तक पैदा केलंय. त्यात लिहिलंय की मार्चमध्ये खिडकीच्या आतल्या बाजूला ट्रेमध्ये बी पेरा, रोपांना हळूहळू बाहेरच्या हवेची सवय करा आणि शेवटचा फ्रॉस्ट होऊन गेल्यावरच जमिनीत लावा. आता मला सांगा, आपल्याकडे फ्रॉस्ट कुठून आणणार? महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याची बातमी पेपरात येते, तेवढाच काय तो आपला फ्रॉस्ट!

माझं स्पष्ट मत असं आहे की पहिल्यांदा भाजी लावणाऱ्याने काळजी करायलाच हवी, पण ती आपल्या इथली करावी. आपण नेमक्या तिकडच्या काळज्या आयात करतो आणि इथल्या खऱ्या काळज्यांकडे आपलं लक्षच जात नाही.

माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांची तर आणखीच गोची. आमच्या वर्गात भिंतीवर चार सीझन्सचा तक्ता होता. स्प्रिंग, समर, ऑटम, विंटर. स्प्रिंगच्या चौकोनात पिवळी फुलं आणि कोकरू. शाळेबाहेर त्याच वेळी आंब्याला मोहर आलेला असायचा, पांगारा लालभडक फुललेला असायचा आणि दुपारी डांबर पायाला चिकटायचं. पण तक्त्यावर विश्वास जास्त! पंचांगाप्रमाणे आपला वसंत चैत्र-वैशाखात, म्हणजे साधारण गुढीपाडव्यापासून. तोपर्यंत पारा कधीच पस्तिशी ओलांडून गेलेला असतो. हवामान खात्याच्या हिशेबात तर स्प्रिंग नावाचा ऋतूच नाही. जानेवारी-फेब्रुवारी थंडी आणि मार्च ते मे मान्सूनपूर्व काळ. शेतकऱ्यालाही विचारा, तो तीन हंगाम सांगेल: खरीप, रब्बी आणि उन्हाळी. म्हणजे ज्याला आपण स्प्रिंगचं गार्डनिंग म्हणतोय ते खरं उन्हाळी पीक आहे. तिकडे वसंतात झाडाला थंडीपासून जपतात, इथे उन्हापासून जपायचं. सगळा फंडाच उलटा!

एकदा हे डोक्यात शिरलं की काय लावायचं आणि काय नाही याचा निम्मा निकाल लागतो. सगळ्यांना टोमॅटो हवेत, कारण पाकिटावर फोटो छान असतो. पण आत्ता बी टाकलं तर रोप लावण्याजोगं व्हायलाच तीन-चार आठवडे लागणार आणि ऐन फुलं येण्याच्या वेळी एप्रिलचं ऊन येणार. दिवसा ३५ अंशांच्या वर पारा गेला की टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळायला लागतात. मेथी, पालक, कोथिंबिरीचंही तसंच, उन्हाची चाहूल लागली की पानं वाढवायचं सोडून फुलावर जातात. म्हणून मी म्हणते, भेंडी, गवार, काकडी आणि लाल माठ. बस. भेंडी आणि गवार तर उन्हाची पोरं आहेत. उलट कडक थंडीत भेंडीचं बी रुसून बसतं. लाल माठ २५-३० दिवसांत कापायला येतो, म्हणजे पहिल्या टेस्टच्या आसपास. पहिल्यांदाच लावणाऱ्याला इतक्या लवकर काहीतरी तोंडात पडणं फार गरजेचं असतं, नाहीतर उत्साह मावळतो.

आता बी उगवण्याची काळजी. भेंडीच्या बियांचं कवच टणक असतं, म्हणून रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी लावतात. फक्त पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळसर दिसलं तर त्याला औषध लावलेलं असतं, ते भिजवत बसू नका आणि हात साबणाने धुवा. बोटाच्या पहिल्या पेराएवढं खोल, एका जागी दोन-तीन बिया, दोन जागांत एक फूट अंतर. मग सहा-सात दिवस, रात्री गार असतील तर दहासुद्धा, गप्प बसायचं. हे गप्प बसणंच आपल्याला जमत नाही. तिसऱ्या दिवशी माती उकरून 'मोड आलाय का' बघणारे महाभाग असतात. रिझल्ट लागेपर्यंत दर तासाला नोटीस बोर्ड बघून येणारी जी जमात आहे, तीच ही.

माती हा मात्र खरा प्रश्न आहे. ती पट्टी म्हणजे मुरूम, विटांचे तुकडे आणि बांधकामाचा राडारोडा. सिमेंट-चुन्याच्या राड्यात झाडं नीट वाढत नाहीत. तिथे पीएच मोजत बसण्यापेक्षा वरचा राडा उचलून टाका आणि जिथे फारच वाईट असेल तिथे जुन्या पोत्यांना खाली भोकं पाडून त्यात चांगली माती आणि शेणखत भरा. शिवाय आपल्या मेसमधून रोज भाज्यांची देठं, सालं, पालापाचोळा टोपल्यांनी निघतो आणि तो थेट कचरागाडीत जातो. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या सेंट्रल किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किचनच्याच ओल्या कचऱ्यातून भाज्या आणि फळझाडं उभी केली. त्याच्या मुळाशी श्री. अ. दाभोळकरांचा प्रयोग परिवार होता. दाभोळकर ऊन मोजायचे. अंगणात पडणारा सूर्यप्रकाश हेच आपलं भांडवल, ते पानांनी किती पकडलं एवढाच हिशेब! सोलर पॅनेलची एफिशियन्सी काढणाऱ्या आपल्या लोकांना हे पटायला हरकत नाही. शिजलेलं, तेलकट उरलेलं अन्न मात्र तिथे टाकू नका. मुंग्या, उंदीर आणि रेक्टर मॅडम, तिन्ही येतील.

आणि पाणी. इथे माझा कॉमन रूमशी जोरदार मतभेद आहे. सगळे म्हणतात, 'रोज बादलीभर ओतू, काय त्यात!' हिशेब करा ना, इंजिनीअर आहोत आपण. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोब्बर एक लिटर. ऐन उन्हाळ्यात पठारावर दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी सहज उडून जातं. आपला वाफा दहा चौरस मीटरचा धरला तर रोजचे सत्तर-ऐंशी लिटर, म्हणजे पाच बादल्या. आत्ता फेब्रुवारीत एवढं लागणार नाही, पण एप्रिलमध्ये लागेल, आणि तेव्हाच टँकरची वाट बघत आपण अंघोळीच्या लाइनीत उभे असू. म्हणून वाफा लहान ठेवा, असं मी पहिल्या दिवसापासून ओरडतेय. दहा चौरस मीटर पुरे. पन्नासचं स्वप्न नको. मातीवर वाळलेल्या पानांचं किंवा उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन घातलं की उडणारं पाणी बरंच वाचतं. मेसमध्ये भाजी, तांदूळ धुतलेलं पाणी चालेल. कपड्यांच्या साबणाचं पाणी आणि आरओ मशीनमधून बाहेर पडणारं खारं पाणी नको, क्षार साठून माती बिघडते.

गंमत म्हणजे नवखा माणूस झाडाला तहानेने मारतो त्यापेक्षा जास्त वेळा बुडवून मारतो. पानं पिवळी दिसली की ओत पाणी, असा आपला खाक्या. मेसच्या मावशींना हे विचारलं तेव्हा त्यांनी मला एक शब्द दिला, 'वाफसा'. मूठभर माती घेऊन दाबायची. चिखल झाला तर पाणी जास्त, भुगा राहिला तर कमी. गोळा झाला आणि बोट लावल्यावर तो हलकेच फुटला तर वाफसा आहे, पाणी घालू नका! मुळाला पाणी हवं तशी हवाही हवी, हे त्या एका शब्दात आहे. माझ्या सगळ्या इंग्लिश मीडियममध्ये याला इतका नेमका एक शब्द मला मिळाला नाही. सिव्हिलवाल्यांनी सॉइल मेकॅनिक्सच्या पुस्तकात शोधून बघावा.

काकडीच्या बाबतीत आणखी एक घबराट ठरलेली आहे, ती आधीच सांगून ठेवते. वेलाला पिवळी फुलं येतील आणि भराभर गळून जातील. लगेच 'संपलं सगळं' म्हणून गळे काढू नका. काकडीवर आधी नर फुलं येतात, मादी फुलं मागाहून. मादी फूल ओळखणं सोपं आहे, फुलाच्या मागे इवलीशी काकडी असते. मधमाश्या फिरकत नसतील तर सकाळी लवकर नर फूल तोडून त्याचा मधला भाग मादी फुलाच्या आत टेकवायचा. एवढंच. यावर आमच्या मजल्यावर जे विनोद झाले ते संपादक छापणार नाहीत.

भेंडीचं खरं दुखणं म्हणजे पांढरी माशी. तिच्यामार्फत एक विषाणू येतो आणि पानांच्या शिरा पिवळ्याधमक पडतात. यावर औषध नाही, असं झाड उपटून टाकायचं, दया दाखवायची नाही. पण बी घेतानाच दुकानदाराकडे परभणी क्रांती मागितली तर हा रोग बराच कमी येतो. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाची जात आहे ती. पिवळ्या रंगाचा पत्रा किंवा जुनी फाइल ग्रीस फासून काठीला लावली की माश्या त्याला चिकटतात. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये ग्रीसला तोटा नाही! आणि पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारायचा. एवढं पुरेल.

'त्यापेक्षा जूनमध्ये लावा की, पाणी फुकट' असं म्हणणारेही आहेत. म्हणणं चुकीचं नाही. पण जूनमध्ये इथे कोण असतं? निम्मे घरी, उरलेले नव्या रूमच्या भांडणात, आणि पावसात तण असं माजतं की नवख्याला भाजी कुठली आणि गवत कुठलं तेच कळू नये. फेब्रुवारी ते एप्रिल आपण सलग इथे असतो. दहा फेब्रुवारीला भेंडी लावली तर ४५-५० दिवसांनी, म्हणजे एप्रिल फूलच्या सुमारास, पहिली तोडणी. मग दर एक-दोन दिवसांनी तोडावीच लागते, नाहीतर जून होऊन लाकूड होते.

आणि इथेच माझ्या मते सगळ्यात मोठी काळजी आहे, जी अजून कुणी तोंडातूनसुद्धा काढली नाही. मेमध्ये परीक्षा संपेल, आपण बॅगा भरू आणि जाऊ. झाडं तेव्हा ऐन भरात असतील. पाणी कोण घालणार? सगळ्यांचं उत्तर तयार आहे, 'वॉचमनकाका आहेत की! मावशी आहेत की!' हे मला अजिबात पटत नाही. त्यांच्या कामात आपला छंद परस्पर ढकलायचा आणि जूनमध्ये परत येऊन 'अय्या, वाळलं की हो' म्हणायचं, हे बरोबर नाही. आत्ताच, बी टाकायच्या आधी, त्यांना विचारायला हवं. त्यांनी नको म्हटलं तर फक्त लाल माठ लावावा, एप्रिलच्या आत दोन-तीन वेळा कापून मोकळं व्हावं. त्यांनी हो म्हटलं तर मेपासून वाफा त्यांचा. पाणी घालेल त्याची भेंडी. ती घरी नेतील, विकतील, नाहीतर शेजाऱ्यांना वाटतील, आपण विचारायचं नाही. टाकीजवळच्या नळाची किल्लीही मॅडमना सांगून रीतसर त्यांच्याकडे द्यावी, म्हणजे रजेत कुणी त्यांना जाब विचारणार नाही.

मी मावशींशी बोललेय. त्या म्हणाल्या, काकडी नको, वेल फार पाणी मागतो, भेंडी-गवार चालेल. तेव्हा काकडीचे दोनच वेल लावू आणि ते आपण असतानाच आटपू. एक अट त्यांनी घातलीय, बी संकरित नको, सुधारित आणा. का, ते मला त्यांनीच समजावलं. संकरित भेंडीचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं तर झाडं एकसारखी येत नाहीत. परभणी क्रांतीचं धरता येतं. मेच्या शेवटी चांगल्या झाडावरच्या चार-पाच शेंगा न तोडता वाळू देणार आहेत त्या, आणि बी मेसच्या फळीवर डब्यात ठेवणार आहेत.