१९३३ चा शेतकरी : जर्मनीतला आणि चरीतला

शेतकरी पिचला की आपोआप क्रांतिकारक होतो, असा भोळा समज आपल्या चळवळीतही आहे. १९३३ साल तो समज खोटा ठरवते.

तेव्हा जगभर मंदी होती. जर्मनीतला शेतकरी कर्जात बुडाला होता. हिटलरच्या पक्षाने त्याच्या रागाला एक शत्रू नेमून दिला : ज्यू. श्लेस्विग-होलस्टाइन या उत्तरेकडच्या शेतीप्रधान प्रांतात जुलै १९३२ च्या निवडणुकीत नाझींना निम्म्याहून अधिक मते पडली. सत्ता येताच शेतकऱ्यांच्या स्वतंत्र संघटना एका सरकारी संस्थेत कोंबल्या गेल्या. गावोगाव 'शेतकरी-पुढारी' वरून नेमले गेले. काल नांगर धरणारा आज गावात नाझी सत्तेचा माणूस झाला. २९ सप्टेंबर १९३३ च्या वारसा-शेती कायद्याने 'शेतकरी' ही पदवी फक्त 'जर्मन रक्ताच्या' मालकाला दिली. शेतमजुराला त्यातून गुंठाभर जमीनही मिळाली नाही. जन्मावरून लायकी ठरवणारा हा कायदा मनुस्मृती ओळखणाऱ्याला परका वाटणार नाही.

त्यानंतर महिन्याभरातच, २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. आसपासची गावे सामील झाली. पोटाला चिमटा घेऊन संप सहा वर्षे चालला. डिसेंबर १९३४ मध्ये बाबासाहेब चरीच्या परिषदेला आले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर धडकले.

फरक इथे आहे. कोकणात खोत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. बाबासाहेबांनी कोणत्याही जातीवर वा धर्मावर बोट ठेवले नाही; खोतीवर ठेवले. विधेयकात खोताला वाजवी नुकसानभरपाईचीही तरतूद होती. लढाई पद्धतीशी होती, माणसाच्या रक्ताशी नव्हती.

काही कार्यकर्ते विचारतील, गावात आपल्याला पाणी नाकारणाऱ्या जातींच्या लढ्यात आपण का उतरावे? प्रश्न रास्त आहे. संपकरी कूळ जातमुक्त नव्हते. महाडचा सत्याग्रह लढलेल्या बाबासाहेबांना हे कुणी सांगायला नको होते. तरीही ते चरीला गेले, कारण कुळाच्या रागाला दिशा आपण दिली नाही, तर दुसरा कुणीतरी देणारच.

आज रायगडच्या किनाऱ्यावर जमिनी प्रकल्पांना आणि बंगल्यांना जात आहेत. आगरी, कोळी, बौद्ध तरुण बेकार आहे, चिडलेला आहे. त्याला शत्रू म्हणून शेजारचा मुसलमान किंवा परप्रांतीय मजूर दाखवणारे फिरतच आहेत. जमीन कोणी घेतली, कोणत्या भावाने घेतली, नोकऱ्या कुठे गेल्या, हे प्रश्न त्याच्यासोबत बसून कोण विचारणार?

२० मार्चला आपण महाडला जातो. २७ ऑक्टोबरला चरीलाही गेले पाहिजे.

जय भीम!