एका नटाच्या भरवशावर

भोसरी-चिंचवडकडच्या प्रत्येक घरात एक डबा असतोच. जुन्या बिस्किटांचा म्हणा, नाहीतर तुपाचा. त्यात नट, बोल्ट, वायसर, अर्धे गंजलेले स्क्रू असं काय काय पडलेलं असतं. त्यातला अंगठ्याएवढा एक नट काढा बरं बाहेर. (सिनेमातला नव्हे, लोखंडाचा!) आता सांगा, या नटाला तुम्ही स्वतःला टांगून घ्याल का?

ब्रिटनमधल्या गिर्यारोहकांनी घेतलं होतं. साधारण १९५० नंतरची गोष्ट. त्याआधी ते कातळाच्या भेगेत एखादा खडा अडकवायचे आणि त्याला दोराचा फास घालायचे. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की कड्याकडे जाताना वाटेत रेल्वेचा रूळ लागतो आणि तिथे नट पडलेले असतात. नट उचलायचा, आतले आटे कानशीने घासून टाकायचे, म्हणजे दोरी कापली जाणार नाही. भोकातून दोरी ओवायची आणि खाली निमुळत्या होत जाणाऱ्या भेगेत तो नट असा सारायचा, की खाली ओढ बसली तर आणखीच घट्ट व्हावा. आता यासाठी खास धातूचे तुकडे बनतात, पण नाव अजून नटच!

उंच कडा चढणारा म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? दंडावर टरारलेल्या बेडकुळ्या आणि वाघाचं काळीज. तानाजीच्या घोरपडीची गोष्टही आठवते. पण कडा खरोखरच मोठा असला ना, की बेडकुळ्या दुपारपर्यंत दमतात. पुढचं काम फिटरच्या डोक्याने करावं लागतं.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीत एल कॅपिटन नावाचा ग्रॅनाइटचा कडा आहे. उंची सुमारे ९०० मीटर, म्हणजे एकावर एक बारा कुतुबमिनार. बहुतेकांना तो एका दिवसात संपत नाही, कड्यावरच मुक्काम करावा लागतो. आता गणित करा. दोन माणसं, पाच दिवस, माणशी रोज चार लिटर पाणी. झाले चाळीस लिटर, म्हणजे चाळीस किलो! शिवाय खाणं, झोपायच्या पिशव्या आणि लोखंड वेगळंच. हे पाठीवर घेऊन कोण चढणार? म्हणून ते मोठ्या पिशवीत भरून कप्पीने मागून ओढून घेतात.

पुढचा गडी चढत जातो, वाटेत भेगांमध्ये नट नाहीतर मेखा बसवतो आणि त्यांच्या कड्यांतून आपला दोर घेतो. खालचा जोडीदार तो दोर सांभाळतो. याला म्हणतात बिले देणं. वरचा घसरला, तर हाच त्याला धरणार. पन्नासेक मीटर झाले, की वरचा थांबतो आणि ठाणं बांधतो. ते एका मेखेवर कधीच नसतं. दोन-तीन वेगवेगळ्या जागी आधार घेऊन भार वाटून द्यायचा, म्हणजे एक निसटला तरी बाकीचे तोलून धरतील. कारखान्यात क्रेनने जड जॉब उचलताना पट्टे कसे लावतात, ते बाबांना विचारून पाहा. मग खालचा दोरावरून झुमारच्या मदतीने वर येतो, येता येता सगळं लोखंड काढून आणतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. रात्री घडीची खाट कड्याला टांगून झोपायचं, तेही कमरेचा पट्टा आणि दोर न सोडता. आणि हो, तुमच्या मनात आलेला तो प्रश्न मला कळला! तेही पिशवीत बंद करून बरोबरच न्यावं लागतं. खाली सोडायचं नाही. खाली दुसरं कुणी चढत असतं.

या कड्यांचा इतिहास अर्धा लोहारांचा आहे. मऊ लोखंडाच्या मेखा ग्रॅनाइटमध्ये वाकायच्या. १९४०च्या दशकात जॉन सालाथे या स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेल्या लोहाराने कठीण पोलादाच्या मेखा घडवल्या. ते पोलाद फोर्ड मोटारीच्या ॲक्सलचं होतं असं सांगतात. ॲक्सल, बरं का! चाकणच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९५७ साली वॉरन हार्डिंग आणि त्याचे साथीदार एल कॅपिटनला भिडले तेव्हा एका रुंद भेगेत कुठलीच मेख बसेना. मग भंगारातून जुन्या शेगड्यांचे पाय आणले आणि ते ठोकले! १२ नोव्हेंबर १९५८ रोजी ते माथ्यावर पोहोचले. दीड वर्षात मिळून साधारण ४५ दिवस ते कड्यावर होते. थोडं चढायचं, दोर तिथेच बांधून ठेवायचा, खाली यायचं, पुन्हा जायचं. या पद्धतीला नावच पडलं वेढा. चाकणच्या संग्रामदुर्गात फिरंगोजी नरसाळ्याने १६६० साली शाइस्तेखानाला दोन महिने झुंजवलं, तो वेढा तुम्हाला ठाऊक आहेच. इथे वेढा घालणाऱ्यालाच जास्त दम लागतो, एवढाच फरक. पुढे १९६० साली चौघांनी तोच मार्ग सात दिवसांत, एका दमात संपवला.

यव्हॉन शुइनार्डची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. १९५७ साली, अठराव्या वर्षी, त्याने कोळशाची जुनी भट्टी आणि ऐरण घेतली आणि मेखा घडवून विकू लागला. धंदा जोरात चालला. पण मेखा ठोकून आणि उपटून कातळाला खड्डे पडायला लागले. स्वतःच्याच मालाने कड्याची ही दशा केलेली त्याने पाहिली आणि १९७२ साली, ज्यावर पोट चालायचं त्या मेखांपासून दूर व्हायचं ठरवलं. हातोडा नको, बोटांनी बसतील आणि निघतील असे नट वापरा, असं आपल्याच गिऱ्हाइकांना सांगितलं.

आपला सह्याद्री मात्र ग्रॅनाइटचा नाही. लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला हा बेसॉल्ट. चांगल्या खोल भेगा कमी, सुटे दगड आणि गवताचे पदर फार. म्हणून कातळाला भोक पाडून बोल्ट मारावे लागतात. पुण्याकडचे गिर्यारोहक तैलबैलाच्या दोन जुळ्या भिंतींवर जातात, खंडाळ्याच्या नागफणीवर जातात. पण आपला खरा मोठा कडा म्हणजे हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. चाकणवरून जाणाऱ्या नाशिक रस्त्यानेच तिकडे जाता येतं. हा कडा नुसता सरळ नाही, नागाच्या फण्यासारखा आत वळलेला आहे. वर उभं राहून पाण्याचे थेंब खाली टाकले, तर खालून येणारा वारा ते परत आणतो. १८३५ साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे इंद्रवज्र, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य पाहिल्याची नोंद आहे. आणि इथेच जानेवारी २०२० मध्ये अरुण सावंत हे मोठे गिर्यारोहक दोरावरून उतरण्याच्या मोहिमेत पडून गेले. कितीतरी जणांना त्यांनी कडे दाखवले होते.

मग लोक जातात कशाला? ‘जोखीम आवडते म्हणून’ हे उत्तर मला पटत नाही. टॉमी कॉल्डवेलचंच पाहा ना. २००१ साली घरी करवतीवर काम करताना त्याच्या डाव्या हाताची तर्जनी तुटली. चढणाऱ्याचं बोटच गेलं! तरी त्याने एल कॅपिटनच्या सगळ्यांत गुळगुळीत भिंतीवर अनेक वर्षं खर्च केली. डिसेंबर २०१४च्या अखेरीस तो आणि केव्हिन जॉर्जसन शेवटच्या प्रयत्नाला निघाले. मध्येच एका टप्प्यावर केव्हिन अडकला. रोज पडायचा, बोटांची सालं निघाली होती. टॉमी तो टप्पा ओलांडून पुढे गेला होता, माथा त्याच्या आवाक्यात होता. पण एकट्याने वर जायचं नाही असं ठरवून तो थांबला, मागे येऊन केव्हिनचा दोर सांभाळत बसला. शेवटी केव्हिनला तो टप्पा जमला. १९ दिवसांनी, १४ जानेवारी २०१५ रोजी, दोघं मिळून माथ्यावर पोहोचले. दोर सांभाळत बसण्याचे ते दिवस त्याच्या चढाईत धरायचे की नाही, तुम्हीच सांगा.

तुम्हाला शिकायचंय? मग एकट्या-दुकट्याने टेकडीवर दोर घेऊन जाऊ नका. पुण्यात ‘गिरिप्रेमी’ आहे, आपल्या भोसरीची ‘सागरमाथा’ आहे. मोठ्यांना बरोबर घेऊन चौकशी करा. तोवर घरी दोन मीटर दोरी घ्या आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाठ मारायला शिका. दोराचा पदर त्याच वाटेने परत फिरवायचा. शंभर वेळा मारा, मग डोळे मिटून मारा. आणि प्रत्येक वेळी ती दुसऱ्या कुणाला तरी तपासायला द्या. कड्यावर पन्नास वर्षं चढलेला माणूससुद्धा तेच करतो.