वळचणीखालचा कान

दुसऱ्याच्या व्यवहारात नाक खुपसणाऱ्यांसाठी सर्वच भाषांनी शब्द घडविले आहेत. इंग्रजीतील ‘ईव्ह्जड्रॉपर’ हा त्यांतलाच एक. चोरून ऐकणारा, एवढाच त्याचा अर्थ विद्यार्थ्यांना सांगितला जातो. वस्तुतः या शब्दाचा इतिहास त्याच्या अर्थाहून अधिक बोधप्रद आहे.

‘ईव्ह्ज’ म्हणजे वळचण. छपराच्या पागोळ्या जमिनीच्या ज्या पट्ट्यावर पडतात, त्या पट्ट्याला जुन्या इंग्रजीत याच शब्दाच्या पूर्वरूपाने ओळखत. आपल्या छपराचे पाणी पडून शेजाऱ्याची हानी होऊ नये, म्हणून हद्दीलगत दोन फूट जागा मोकळी सोडण्याचा रिवाज केंट प्रांतातील इ. स. ८६८ च्या सनदेत नोंदलेला आहे. शब्दाचा जन्म असा शेजारधर्मातून झाला. पुढे पंधराव्या शतकात, त्याच पट्ट्यात उभा राहून भिंतीला कान लावणाऱ्याला ‘ईव्ह्जड्रॉपर’ म्हणू लागले.

इंग्लंडच्या कायद्याने हा केवळ असभ्यपणा मानला नाही. तो गुन्हा ठरविला. अठराव्या शतकातील विधिपंडित ब्लॅकस्टन याने भिंतीआड, खिडकीखाली वा वळचणीखाली उभे राहून संभाषण ऐकणाऱ्याची आणि त्यावरून बदनामीकारक कंड्या पिकविणाऱ्याची गणना सार्वजनिक उपद्रव करणाऱ्यांत केली. शिक्षा दंडाची व सद्वर्तनाच्या जामिनाची. हा गुन्हा इंग्लंडमध्ये १९६७ च्या फौजदारी कायद्याने रद्द झाला.

परंतु तोवर ऐकणाऱ्याला वळचणीखाली उभे राहण्याची गरजच उरली नव्हती. दूरध्वनीची तार आली होती. पोलिसांनी घरात पाऊल न टाकता बाहेरच्या तारेवरून संभाषण ऐकले, तर त्यात घटनाभंग नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८ मध्ये दिला. वळचणीखालचा माणूसही घरात शिरत नसे. तरीही जुन्या कायद्याने त्याला दोषी मानले होते. ही चूक त्याच न्यायालयाने १९६७ मध्ये सुधारली. संरक्षण जागेला नसून माणसाला आहे, हे तत्त्व त्याने सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्यातील संभाषणालाही लागू केले.

भारतात १८८५ च्या तार कायद्याने सरकारला संदेश अडविण्याचा अधिकार दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दूरध्वनीवरील खाजगी संभाषण घटनेच्या २१ व्या कलमाच्या कक्षेत आणले. असा आदेश गृहसचिवानेच द्यावा आणि समितीने त्याचे पुनरीक्षण करावे, असे बंधनही घातले. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. मात्र आदेश देणारे सचिव आणि तो तपासणाऱ्या समितीतीलही सचिवच, ही रचना कायम आहे. न्यायाधीशाची पूर्वसंमती लागत नाही. ज्याचे बोलणे ऐकले, त्याला ते सांगण्याचे बंधनही नाही.

हेरगिरी, घातपात व संघटित गुन्हेगारी यांना आळा घालण्यासाठी राज्यसंस्थेला कान हवेत, हे अमान्य करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्या कानांवर लक्ष कोणाचे, हा. शेजाऱ्याच्या चोंबडेपणाला इंग्रजी समाजाने नाव दिले, दंडही ठेवला. सत्तेच्या चोंबडेपणाला मात्र ‘सुरक्षितता’ हे भारदस्त नाव मिळते आणि नाव भारदस्त झाले की जाब विचारणे थांबते. वळचणीचे पाणी आढ्याला चढले, असे म्हणतात ते हेच. पुनरीक्षणाचा अधिकार शासनाबाहेरील, न्यायिक अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सोपविणे, हा त्यावरील साधा उपाय आहे. दोन फुटांची मोकळी जागा अकराशे वर्षांपूर्वी शेजाऱ्याला राखता येत होती. लोकशाही राज्याने ती नागरिकासाठी राखावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.