इंजिन तापते, दोष कोणाचा?

यंत्र विकत घेणे सोपे. ते जोपासणे अवघड. बैलाला वैरण-पाणी वेळेवर मिळाले की नाही, हे जातीने पाहणारा शेतकरी पाण्याच्या इंजिनाची तशी विचारपूस क्वचितच करतो. ते तापून बंद पडले म्हणजे दोष यंत्राला, नाहीतर मिस्त्रीला दिला जातो. हा दृष्टिकोन बदलणे अगत्याचे आहे.

कर्जत व खालापूर तालुक्यांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली व भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. त्यांतून बाहेर पडणारे पाणी अनुक्रमे पाताळगंगा व पेज या नद्यांना मिळते. त्यामुळे भर उन्हाळ्यातही काठावर भात व भाजीपाला घेता येतो. मात्र हे पाणी वीजनिर्मितीच्या गरजेप्रमाणे सुटते. नदीची पातळी दिवसभर सारखी राहतेच असे नाही. पातळी उतरली की फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो व पंप हवा ओढू लागतो. ज्या इंजिनाला थंड करणारे पाणी पंपाच्याच नळीतून मिळते, त्याचा पुरवठा त्याच क्षणी तुटतो. इंजिन मात्र फिरतच राहते.

डिझेलच्या उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांशच कामी येते. जवळजवळ तितकीच उष्णता पाण्यावाटे बाहेर न्यावी लागते. ती आत कोंडली म्हणजे वंगण पातळ होते, पिस्टन जाम होतो आणि ऐन निसवणीत भात तहानेला पडते. तेवढ्या अवधीत मिस्त्री तालुक्याच्या गावाहून येणे शक्य नाही. म्हणून इंजिनाची पारख काठावरच्या माणसालाच असली पाहिजे.

ही पारख क्रमाने व्हावी. प्रथम पाणी पाहावे: बाहेर पडणारी धार पूर्ण आहे काय, जाळीत पाला किंवा जॅकेटमध्ये गाळ बसला आहे काय? नंतर वंगणाची पातळी. त्यानंतर भार: काळा धूर निघत असल्यास इंजिनावर बोजा अधिक पडत असल्याचा संभव असतो. इंधनाकडे सर्वांत शेवटी वळावे. प्रत्यक्षात अनेकजण आरंभीच पाना घेऊन इंजेक्टर खोलतात. दोष जाळीतच राहतो.

धार तुटली असल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. धार चालू असून ते तापत असल्यास भार उतरवून काही मिनिटे सावकाश चालवावे व मग थांबवावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतणे हा सर्वांत घातक उपाय होय. त्याने बिडाला तडा जातो. रेडिएटर असल्यास त्याचे झाकण गरम असताना उघडू नये. वाफेने हात-तोंड भाजते.

तापण्याच्या धास्तीने अतिथंड पाण्याचा मोठा लोट सोडणेही हितावह नाही. फार थंड सिलिंडर लवकर झिजतो व डिझेलही नीट जळत नाही. जेथे नदीची पातळी अस्थिर आहे, तेथे स्वतंत्र पिंप ठेवून त्यातील पाणी इंजिनातून फिरविणे अधिक सुरक्षित. पिंपातील पाणी वरच्या नळीच्या तोंडापेक्षा खाली जाऊ न देण्याची दक्षता मात्र घ्यावी लागते. चिखलणीच्या पॉवर टिलरलाही काळजी तीच. त्याच्या जाळीवरचा चिखल व काडीकचरा रोज काढावा. उरण-अलिबागकडील मच्छीमाराला तर हे सांगावे लागत नाही. होडीच्या इंजिनाची समुद्राचे पाणी घेणारी गाळणी तुंबली म्हणजे काय होते, हे तो जाणतो. कारण भर समुद्रात त्याला मिस्त्री भेटत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बी-बियाणे व खते यांइतकेच या विषयाकडे लक्ष पुरवावे. प्रत्येक गावात निदान दोघांना तरी ही पारख शिकवावी आणि उन्हाळी हंगामापूर्वी प्रत्येक इंजिनाची जाळी व जॅकेट साफ करून घ्यावे. त्याला खर्च थोडा, श्रम एका सकाळचे. वाचते ते मात्र सबंध हंगामाचे पीक.