दलाली कोणाला आणि कशाची?

व्यापारी बांधवांनो, मी गेली तीस वर्षे मालेगावहून सुरतला साड्या व ड्रेस मटेरियलच्या खरेदीसाठी जातो. पूर्वी मुक्कामाची सोय ओळखीवर होत असे. रिंग रोडच्या मार्केटजवळ एक लॉज ठरलेला होता. फोन केला की मालक खोली राखून ठेवी. आता मुले मोबाईलवर दोन मिनिटांत खोली ठरवतात. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण या सोयीचा हिशेब आपण व्यापारी असूनही कधी मांडत नाही.

दोन वर्षांपूर्वी ईदच्या मालासाठी निघालो. मुलाने एका साइटवरून खोली घेतली व पूर्ण पैसे भरले. रात्री एक वाजता पोहोचलो, तर हॉटेलवाला म्हणाला, "बुकिंग आमच्याकडे आलेच नाही, खोली शिल्लक नाही." साइटला फोन लावला, तर हे बटण दाबा, ते बटण दाबा. हॉटेल साइटकडे बोट दाखवी आणि साइट हॉटेलकडे. फजरपर्यंत बाकावर बसून काढले. पैसे बाराव्या दिवशी परत आले. सकाळी जुन्या लॉजवाल्याने खोली दिली, तीही साइटवरच्या त्याच्याच भावापेक्षा कमी दराने.

कमी कशी? हिशेब सोपा आहे. साइटवर त्याची खोली १,४०० रुपयांना होती. कर वेगळा. साइटची दलाली शंभराला पंधरा-वीस रुपये, कधी त्याहून जास्त. वीस धरली तर २८० रुपये गेले व त्याच्या हाती १,१२० आले. मला त्याने १,२०० ला दिली. माझे २०० वाचले, त्याला ८० जास्त मिळाले.

मग सगळेच हॉटेलवाले असे का करत नाहीत? काहींचे हात करारात बांधलेले होते. आमच्यापेक्षा कमी भाव दुसरीकडे लावू नये, अशी अट मोठ्या साइट घालत. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाख रुपयांचा दंड केला, त्याच्या कारणांत ही अटही होती. कंपनी अपिलात गेली. पण भाव साइटवर ठरतो, हॉटेलात नव्हे, ही गोष्ट त्यातून उघड झाली.

आता इमानाचा प्रश्न. आपल्या धंद्यात दलालाने पार्टी दाखवली आणि आपण त्याला वगळून परस्पर सौदा केला, तर त्याला बेइमानी म्हणतात. मग साइटने दाखवलेल्या हॉटेलात पुढच्या वेळी थेट जाणे बेइमानी नाही का? मी यावर बराच विचार केला. आपला दलाल पार्टीची जबाबदारी घेतो. रक्कम अडकली तर तगादा लावतो, माल खराब निघाला तर मध्ये पडतो. म्हणून प्रत्येक सौद्यावर त्याचा हक्क. साइट एका मुक्कामाची दलाली घेते आणि अडचणीच्या रात्री आपल्याबरोबर उभी राहीलच असे नाही. तिचा हक्क त्या एका मुक्कामापुरता. मात्र साइटवर बुकिंग करायचे, हॉटेलात पोहोचून ते रद्द करायचे आणि काउंटरवर रोख देऊन स्वस्तात राहायचे, हे चुकीचे आहे. काम करून घेऊन मजुरी बुडवण्यासारखे ते झाले.

माझे मत असे. अनोळखी शहरात पहिल्यांदा जाताना साइटचा उपयोग जरूर करावा. चार खोल्या, चार भाव आणि इतरांचे अनुभव पाहायला मिळतात. हॉटेल पसंत पडले तर बिलावरचा नंबर लिहून घ्यावा व पुढच्या वेळी थेट बोलावे. नंबर इंटरनेटवर शोधून पैसे पाठवू नयेत, खोटे नंबर टाकून फसवणारे पुष्कळ आहेत. करासह एकूण रक्कम किती, खोली कधी सोडायची, रद्द केल्यास किती कापणार, हे विचारून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागावे. निघण्याच्या दिवशी पुन्हा एक फोन करावा.

आणि बिल घ्यावे, दुकानाच्या नावाने घ्यावे. "बिल नको तर कर नको" या गोडीला भुलू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्केच आहे. १,२०० च्या खोलीवर ६० रुपये होतात. त्यासाठी खर्चाचा पुरावा आणि आपली सचोटी गमावणे हा घाट्याचा सौदा आहे.

लहान हॉटेलवालाही आपल्यासारखाच दुकानदार आहे. मोठी ऑनलाइन दुकाने आपले गिऱ्हाईक पळवतात म्हणून आपण रोज तक्रार करतो. मग दुसऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक होताना आपण त्याच्या दारात थेट का जाऊ नये? सुरतला जाण्यापूर्वी एक फोन करून पाहा.