दिव्याआडचें नांव

मुळशीच्या आमच्या घरीं ओसरीवर, हातांतील दिव्याला पंजाचा आडोसा करणाऱ्या स्त्रीच्या चित्राची प्रत आहे. तें राजा रविवर्मा यांचें, असें मीं विद्यार्थ्यांना अनेक वर्षें सांगितलें. तें चूक होतें. रविवर्मा १९०६ सालीं निवर्तले. हें जलरंगचित्र सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचें, आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. चित्रासाठीं उभी राहिली ती त्यांचीच कन्या गीता. वाचकहो, बोटांच्या कडांतून झिरपणारा तो तांबूस प्रकाश न्याहाळून पाहा! जलरंगांत चुकलेली छटा सहजासहजीं पुसतां येत नाहीं. माझी चूक मात्र अजून सुधारतां येते. म्हणून चित्राखालीं आज मीं खरें नांव लिहिलें. आपणही लिहावें.