बायपासमधील रक्तस्राव : उपाय स्वस्त, अंमलबजावणी अपुरी

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेची तारीख ठरली की देशातील अनेक रुग्णालयांत नातेवाइकांना पहिली सूचना मिळते ती रक्तदाते आणण्याची. बदली रक्तदात्यांची ही पद्धत टप्प्याटप्प्याने संपवण्याचे उद्दिष्ट २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात नोंदवले गेले होते. दोन दशकांनंतरही ही धावपळ कायम आहे. या धावपळीत मूळ प्रश्न मात्र बाजूला पडतो : रुग्णाला एवढे रक्त द्यावे लागतेच का? गेल्या काही वर्षांतील संशोधनाचा निष्कर्ष असा की, या शस्त्रक्रियेतील रक्तस्राव बऱ्याच अंशी कमी करता येतो आणि त्यासाठीचे अनेक उपाय खर्चिक नाहीत.

या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाचा धोका मुळातच अंतर्भूत आहे. हृदय थांबवून काम करायचे असेल, तर रुग्णाचे रक्त हृदय-फुप्फुस यंत्राच्या नळ्यांतून फिरवावे लागते. परक्या पृष्ठभागाचा स्पर्श होताच रक्त गोठू लागते. ते गोठू नये म्हणून शरीराच्या वजनानुसार दर किलोला ३०० ते ४०० युनिट या प्रमाणात हिपॅरिन दिले जाते. एरवी तपासणीत सुमारे दोन मिनिटांत गोठणारे रक्त आठ मिनिटांपर्यंत गोठणार नाही, याची खात्री करूनच यंत्र सुरू होते. काम संपल्यावर प्रोटामाइन देऊन हिपॅरिनचा परिणाम उतरवला जातो. दरम्यान यंत्रातील द्रवाने रक्त पातळ झालेले असते आणि प्लेटलेट थकलेल्या असतात. गोठण्याची क्रिया वेळेत पूर्ववत झाली नाही, तर छाती पुन्हा उघडावी लागते. ती प्रमाणाबाहेर वाढली, तर नव्याने जोडलेली रक्तवाहिनी गुठळीने बंद पडू शकते. भारतात धडधडत्या हृदयावर, यंत्राविना बायपास करण्याची पद्धत बरीच रुळलेली आहे. तीत हिपॅरिनची मात्रा सहसा कमी असते. मात्र हिपॅरिन टाळता येत नाही.

रक्तस्राव कमी करण्याची तयारी शस्त्रक्रियागृहाबाहेरच सुरू व्हायला हवी. हृदयविकाराचा झटका आलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या रुग्णांना ॲस्पिरिनसोबत प्लेटलेटना रोखणारी दुसरी गोळीही चालू असते. तातडी नसल्यास बायपासपूर्वी टिकॅग्रेलर किमान तीन, क्लोपिडोग्रेल पाच आणि प्रासुग्रेल सात दिवस आधी थांबवावे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ॲस्पिरिन बहुतेकदा चालू ठेवले जाते. हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यविशारद यांनी मिळून घ्यायचा असतो. रुग्णाने स्वतःहून गोळी बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. एका शहरात अँजिओग्राफी आणि दुसऱ्या शहरात शस्त्रक्रिया, असा प्रवास करणाऱ्या रुग्णाच्या कागदपत्रांत शेवटची गोळी कधी घेतली याची नोंद नसेल, तर शल्यविशारदाला अंदाजावर अवलंबून राहावे लागते.

दुसरा मुद्दा रक्तक्षयाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिला आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त आहेत. बायपासचे बरेच रुग्ण या वयापलीकडचे असले, तरी आकडे देशाची पार्श्वभूमी दाखवतात. हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्या रुग्णाला थोडा रक्तस्रावही सोसत नाही. तातडी नसलेल्या शस्त्रक्रियेत लोहाची कमतरता आधी शोधून भरून काढणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत ट्रानेक्सामिक ॲसिड या जुन्या औषधाची उपयुक्तता सिद्ध झाली आहे. २०१७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापलेल्या चाचणीत ४,६०० हून अधिक रुग्ण होते. औषध मिळालेल्या गटाला रक्तघटकांची ४,३३१ एकके लागली; न मिळालेल्या गटाला ७,९९४. रक्तस्रावासाठी पुन्हा छाती उघडण्याचे प्रमाण २.८ टक्क्यांवरून १.४ टक्क्यांवर आले. मृत्यू किंवा गुठळीजन्य गुंतागुंत वाढली नाही. झटके येण्याचे प्रमाण मात्र ०.१ वरून ०.७ टक्के झाले, म्हणून मात्रेचे भान आवश्यक ठरते. याच हेतूने वापरले जाणारे ॲप्रोटिनिन हे महागडे औषध कॅनडातील चाचणीत जास्त मृत्यू दिसल्याने २००७ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले होते.

रक्त कधी द्यावे, याचाही पुनर्विचार झाला आहे. २०१७ मधील आंतरराष्ट्रीय चाचणीत हिमोग्लोबिन ७.५ ग्रॅमच्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्या रुग्णांची प्रकृती, सढळपणे रक्त दिलेल्यांपेक्षा वाईट ठरली नाही. युरोपातील हृदय शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ मध्ये रक्त-व्यवस्थापनाची संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तीही याच दिशेची आहेत.

पुरवठ्याची बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. हिपॅरिन डुकराच्या आतड्यांपासून बनते आणि त्याच्या कच्च्या मालाचा प्रमुख स्रोत चीन आहे. २००८ मध्ये तेथून आलेल्या मालातील भेसळीमुळे अमेरिकेत अनेक रुग्ण दगावले. २०२० मध्ये आयात महागल्याने भारताच्या राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाला हिपॅरिनच्या कमाल किमतीत ५० टक्के वाढ मंजूर करावी लागली. ज्या औषधाविना हृदय शस्त्रक्रियाच शक्य नाही, त्याचा राखीव साठा हा आरोग्य सुरक्षेचा विषय मानला गेला पाहिजे.

आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे आणि २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्व नागरिक तिच्या कक्षेत आले आहेत. त्यामुळे बायपास करून घेणाऱ्या वयस्कर रुग्णांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. रक्त विकता येणार नाही, केवळ प्रक्रिया शुल्क घ्यावे, असे औषध महानियंत्रकांनी रक्तपेढ्यांना बजावले आहे. किमतीवरील हे नियंत्रण योग्यच. परंतु गरजच कमी करणे हा पुढचा टप्पा आहे. प्रत्येक बायपासमागे किती रक्त लागले आणि किती रुग्णांची छाती पुन्हा उघडावी लागली, या दोन आकड्यांची नोंद योजनेत सहभागी रुग्णालयांकडून सक्तीने घेतली, तर सुधारणेला आधार मिळेल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. तोवर रुग्णाच्या नातेवाइकांनी रक्तदाते शोधण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत : हिमोग्लोबिन किती आहे आणि कोणती गोळी कधी थांबवायची?